एकदाणी साफ, डोळे धुकट

मधू, इकडे ये जरा. दाराशी काऊन उभा राह्यला पाहुण्यावाणी, असा जवळ बस माह्या. आता मले ऐकू येत नाही असं सांगू नको. जिवंत होता तवाबी तुले ऐकू येतच होतं, फक्त तू ऐकत नव्हता. मोठी बहीण मी, अन् तू मधातूनच घुसून पुढं गेला. गेला तं गेला, निदान स्वतःचा एक धड फोटो तरी मागं ठेवून जायचा होता. साऱ्या उंद्रीचे अन् आजूबाजूच्या खेड्यांचे फोटो काढून काढून म्हातारा झाला, अन् तुह्या नावानं स्टँडवर काय लागलं आहे ते तुले ठाऊक तरी आहे का?

फ्लेक्स लागलं आहे. चिखलीच्या फ्लेक्सवाल्यानं तुले कोट घातला. वरून निळा टाय. तू जन्मात टाय नाही लावला, तुही मान त्या टायमधून अशी वर आली आहे जशी दुसऱ्याच कोणाची कापून आणून ठेवली. रंग गोरा केला. मागं धबधबा, खाली कमळं, बाजूले दोन हंस. अन् हंसाच्या खाली, ज्याईले येत्या निवडणुकीत उभं राह्याचं आहे त्याईचे फोटो, हात जोडून, तुह्यापेक्षा मोठे. चेहरा तुहाच आहे म्हणतात. कोणाच्या तरी मोबाईलमधल्या दहा जणाईच्या फोटोतून कापला अन् ताणून ताणून मोठा केला. नाक कुठं संपते अन् गाल कुठं सुरू होते ते कळत नाही. मी खाली उभी राहून पाह्यलं अन् म्हटलं, बरोबर आहे. ज्यानं जन्मभर लोकाईचे चेहरे धुकट काढले, त्याले शेवटी धुकटच चेहरा भेटला.

बाया म्हणून राह्यल्या, अक्का, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. गोड बोलाले सारं गाव आहे. फ्लेक्सवर तं तुले 'कलामहर्षी' लिहिलं आहे. वाचून मले ठसका लागला.

तं झालं असं, की तुही रंजी तेरवीच्या आधीच माह्यापाशी येऊन बसली अन् म्हणाली, "आत्या, बाबाचा एक खरा फोटो द्या. तुमच्यापाशी असंन." आहे माह्यापाशी. तुले माहीत आहे कोणता. तोच, जो पाहून तू म्हटलं होतं, अक्का, हा कोणाले दाखवला तं तू माही बहीण नाही अन् मी तुहा भाऊ नाही. इतके वर्ष तो कपाटात पडून होता. आता द्यायचा का नाही, ह्याचा घोर मले लागला. अन् तुले विचारावं तं तू तं पुढं घुसून बसलेला.

म्हणून आधी आपलं भांडण सांगते. पूर्ण सांगते, मधात बोलू नको.

माहा नवरा गेला अन् मी उंद्रीले परत आली, तवा तुहा स्टुडिओ नवाच होता. लग्नघरात बायाईच्या खोलीत तुले कोणी येऊ देत नव्हतं. हळद, चुडा, दागिने, ह्याचे फोटो काढाले बाई पाह्यजे होती, म्हणून तू मले कॅमेरा शिकवला. शिकवला म्हणजे काय, माह्या हातात देला अन् म्हटलं, "इथून पाह्य, इथं दाब, पाडू नको." एवढीच तुही शाळा. तरी पण एक कबूल करते. त्या काळात विधवा बहिणीच्या हाती लोकं लाटणं देत होते, तू कॅमेरा देला. तुह्या सोयीसाठी देला, पण देला.

तुहा स्वतःचा हात तवा कसा होता? कोंबडीनं पंख फाकवावं तशी कोपरं बाहेर. तोंडात तंबाखूचा खर्रा. बटन दाबता दाबता बोलणं चालूच, "हां ताई, मान थोडी इकडं, हसा," अन् तू बोलला की कॅमेराबी तुह्यासंग मान डोलवायचा. रोल धुवून आला की अर्ध्या नवरदेवाईले दोन दोन नाकं. मंग तू म्हणायचा लॅबवाला चोर आहे. फिल्म जुनी देली. लाईट कमीजास्त होत होती. नवरदेव पिऊन आला होता. साऱ्या जगाचा हात हालत होता, एक तुहाच हालत नव्हता.

मी माही मीच शिकली. कोपरं बरगडीले चिकटवली. डावा तळवा लेन्सच्या खालून, नव्या लेकराचं मुंडकं सावरते तसा. उजव्या हातानं नुसतं धरायचं, आवळायचं नाही. एक पाय जरा पुढं. पाठ भिंतीले, चौकटीले, जे भेटीन त्याले टेकवायची. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, अन् उरलेल्या अर्ध्यात बटन दाबायचं. मिरची खुडते तसं झटक्यानं नाही, कणकीत बोट रुतवते तसं.

मले वाटलं तू पाहतच नाही. अन् मंग एका लग्नात मी खिडकीतून पाह्यलं तं तुही कोपरं बरगडीले. पाठ मांडवाच्या बल्लीले. तोंड रिकामं. मी संध्याकाळी विचारलं, "काऊन बे, हे कोणापासून शिकला?"

"खामगावचे मोठे फोटोग्राफर असंच धरतात."

खामगाव. घरातल्या बहिणीपासून शिकलो म्हणाले तुही जीभ झडत होती. पण हात शिकला तू, हे खरं. एवढा शिकला की नंतर तुहा हात दगडासारखा राहायचा. नजर मात्र नाही शिकला. नजर कोणी कोणाले शिकवत नाही, ती आतून असा लागते, अन् तुह्या आत काय होतं ते मी सांगते.

आताच्या पोराईले हे सांगून पटत नाही. त्याईचा मोबाईल चेहरा दिसला की चौकोन काढते अन् मोकळा होते. तुले अंगणातून नेत होते तवा एकजण व्हिडिओ काढून राह्यला होता, एका हातानं, दुसऱ्या हातात चहाचा कप. मी म्हटलं, बापू, दोन्ही हातानं धर, नाहीतं ठेवून दे. त्यानं मले असं पाह्यलं जसं मीच चुकली. आपल्या कॅमेऱ्यात मधात एक बारका गोल होता. त्यात पाह्यलं की समोरची वस्तू मधातून कापल्यासारखी दिसायची, वरचा तुकडा एकीकडं, खालचा एकीकडं. रिंग फिरवत राह्याची. दोन तुकडे एका रेघेत जुळले की तिथंच साफ येणार, त्याच्या पुढं नाही, मागं नाही. फ्लॅश मारला तं चुकलेलं बी खपून जायचं. पण तू दागिन्याचा फोटो असला की फ्लॅश मारत नव्हता, सोन्यावर पांढरा डाग पडते म्हणून. व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनमधी लेन्स सताड उघडून काढायचा. अन् सताड उघड्या लेन्समधी साफ जागा किती भेटते? चार बोटं. ती कोणाले द्यायची, त्यातच फोटो काढणाऱ्याचं सारं इमान. मी डोळ्यातल्या बुबुळावर जुळवायची. तू गळ्यातल्या एकदाणीवर. मधातल्या सोन्याच्या मण्यावर.

किती भांडलो आपण ह्यावरून.

"गिऱ्हाईक काय पाहते, अक्का?"

"चेहरा."

"काहीबी. पोरीच्या बापाले दाखवायचं असते काय घातलं ते. सासूले मोजायचं असते. चेहरा तं त्याईच्या घरीच आहे, रोजच पाहतात."

हे तुहं बोलणं. चेहरा घरीच आहे. जसा काई तो कायमचा आहे.

अन् गिऱ्हाईकबी तुह्याच लायकीचं. बीबी गावच्या एका लग्नाचा अल्बम घेऊन नवरीचा मामा आपल्या स्टुडिओत बसला होता. त्यानं भिंग मागतलं. भाचीच्या गळ्यातले मणी भिंगातून पाह्यले अन् म्हणे, "साफ आहे. एक नंबर काम, फोटोग्राफर." भाची बाजूलेच होती. ती वाकून म्हणाली, "मामा, ह्यात मी कोणती ते बी सांगा." सारे हसले. तू सर्वात जोरात हसला. मी त्या पोरीकडं पाह्यलं, ती हसत नव्हती.

मंग ती बाई आली. तुले आठवते, नाही म्हणू नको. खेड्यावरून एसटीनं आलेली, काखेत लग्नाचा अल्बम. तिची आई नुकतीच गेली होती. लग्नात माय-लेकी बाजूबाजूले उभ्या, एकाच फोटोत, तो मोठा करून पाह्यजे होता. तू मोठा करून आणला. मणी बोराएवढे झाले. आईचा चेहरा धुक्यात होता तसाच धुक्यात, फक्त धुकं मोठं झालं.

"दादा, आईचे डोळे काऊन नाही दिसत?"

अन् तू, पापणी न हलवता, काय म्हटलं? "तुह्या आईनं मान हलवली असंन, माय. ऐनवेळी लोकं हालतात."

ती बाई त्या कागदाकडं पाहत राह्यली अन् म्हणे, "हाव दादा. तिले एका जागी बसताच येत नव्हतं." अन् जराशी हसलीबी. असा फोटो छातीशी धरून नेला तिनं.

मी आत होती, सारं ऐकून राह्यली होती. हललेला फोटो कसा असते ते तुले माहीत होतं अन् मले बी. तो एका अंगानं ओढल्यावाणी दिसते, पाटीवर ओलं बोट फिरवल्यावाणी. फोकस चुकलेला साऱ्या बाजूनं सारखाच मऊ असते. ती म्हातारी हलली नव्हती. ती बापडी तुह्या शब्दावर श्वास रोखून उभी होती, अन् तू तिच्या गळ्याकडं पाहून राह्यला होता. अन् वरून मेलेल्या बाईवर आळ घेतला. मी बाहेर येऊन म्हटलं, लाज नाही वाटत? तू बोटं पुसत म्हटलं, "समाधान झालं ना तिचं?"

तिचं झालं. तुहंबी झालं. माहं अजून नाही झालं.

मंग शांती गेली. तुही बायको, माही भावजय. आता तुह्या घरात काय कमी होतं फोटोचं? उंद्रीत कोणाच्या घरी नवी एकदाणी आली, नवं डोरलं आलं, की तू मागून आणायचा, शांतीच्या गळ्यात घालायचा, अन् शोकेसमधी लावाले नमुना काढायचा. मी किती वेळा म्हटलं, शांते, उभी राह्य, मी काढते एक. तं ती पदर तोंडाले लावून पळायची. "राहू द्या अक्का, याईच्या हातचा बरा येते." तुह्यावर एवढा भरोसा त्या बाईचा. मले तवाबी राग येत होता, तुहा जास्त, तिचा थोडा.

तेरवीले लावाले फोटो पाह्यजे होता. तू निगेटिव्हच्या साऱ्या डब्या काढून खिडकीत बसला. एक पट्टी उजेडाले धरायचा, भिंग लावायचा, बाजूले ठेवायचा. दुसरी घ्यायचा. कोणी जेवाले बोलावलं तं ऐकलं नाही. ऊन खिडकीच्या ह्या गजावरून त्या गजावर गेलं. साऱ्या पट्ट्यांमधी शांती होती, अन् एकीतबी तिचे डोळे नव्हते. पराया बायाईचं सोनं तेवढं लखलखून राह्यलं होतं. दागिने उसने होते मधू, माणूस आपलं होतं. तू उसन्यावर फोकस केला.

मी दारात उभी होती. खरं सांगते, मी वाट पाहून राह्यली होती. म्हटलं, आता हा म्हणीन, शांतीनं मान हलवली असंन. म्हटलं असतं तं मी तुह्या थोबाडात देली असती, सुतकाच्या घरात. पण तू नाही म्हटलं. काहीच नाही म्हटलं. शेवटची पट्टी हातात धरून तू खिडकीकडं मान वर केली, अन् तुह्या तोंडावर जे होतं, ते मी तुह्या तोंडावर कधी पाह्यलं नव्हतं. त्यात फुशारकी नव्हती, खामगाव नव्हतं. शोधून शोधून रिकामा झालेला माणूस होता तो. माहा भाऊ होता. लहानपणी मेळ्यात हरवला अन् मले सापडला, तवा असाच दिसत होता.

कॅमेरा खुंटीले होता. मी काढला. पाठ चौकटीले लावली, कोपरं आत घेतली, लेन्स पूर्ण उघडली. तुह्या बुबुळावर रेघ जुळवली. अर्धा श्वास सोडला.

"कोणाले विचारून काढला?"

"कोणालेच नाही."

"फाडून टाक."

"रोल आहे तो. फाडत नसतात."

धुवून आला तवा तू पाह्यला अन् म्हटलं, "हा मी नाही. बावळट दिसून राह्यला." अन् वरून ती शपथ, तू माही बहीण नाही अन् मी तुहा भाऊ नाही. माह्या हातून निघालेला सर्वात चांगला फोटो तो, अन् तुले त्यात बावळट दिसला. तुले कधी चांगला फोटो कळलाच नाही, हे मी आज तुह्या तोंडावर सांगते.

शांतीच्या तेरवीले मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. फोटोग्राफरची बायको, अन् भिंतीवर सरकारनं काढलेला फोटो. त्यात ती चोरी करताना धरल्यावाणी दिसते. रंजीनं ते पाह्यलं. पाहुण्याईसमोर म्हणाली, "साऱ्या तालुक्याची लग्नं काढली बाबा तुमी, अन् आईचा एक फोटो नाही?"

तुले एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, मी दिवसभर पाह्यलं, नाही भेटला, माहं चुकलं. एवढंच. तू काय म्हटलं? "तुह्या आईले फोटोची हौस नव्हती."

पुन्हा एका मेलेल्या बाईवर टाकलं. आपल्याच.

रंजी त्या दिवशी रोहिणखेडले सासरी गेली, ती मंग सणावारालेच आली, अन् आली तरी उंबऱ्याजवळच बसली. तिनं तिकडं घर बांधलं. वास्तुशांतीची पत्रिका तुले आली, तोंडानं बोलावणं नाही आलं. तूबी गेला नाही. रोहिणखेड काही लंका नाही मधू, मोताळ्यापर्यंत एक गाडी अन् तिथून एक. पण तू म्हणायचा, पत्रिकेवर का जाऊ, मी काय गिऱ्हाईक आहे का? मी तिले सांगाले गेली, अवं, तुह्या बापानं लय शोधला. तं म्हणे, "आत्या, तुमी भावाचीच बाजू घेसान." तिले दाखवाले माह्यापाशी एकच गोष्ट होती, अन् ती तू कपाटात कोंडून ठेवाले लावली. मी तुहा शब्द पाळला. जिवंत माणसाचा शब्द पाळा लागते. मेलेल्याचा पाळायचं मी काही कबूल केलं नव्हतं.

म्हणून मी तुह्या तेरवीच्या सकाळी तो फोटो कपाटातून काढला अन् रंजीच्या हाती देला.

जावईबापूनं आधी ओढून पाह्यला. तुहा जावई पाह्य कसा आहे, मोबाईल हातातून सुटत नाही अन् नजर कशावर टिकत नाही. म्हणे, "आत्याबाई, हा नको. ह्यात मामा रडल्यासारखे दिसतात. फ्लेक्सवरचा भारी आहे, तोच फ्रेम करून घेऊ."

मी म्हटलं, "बापू, त्यात तुमचे सासरे नाहीत. नुसता कोट आहे."

रंजीनं त्याच्या हातातून फोटो घेतला अन् खिडकीपाशी गेली. त्याच खिडकीपाशी, तिले माहीत नव्हतं. लय वेळ पाह्यलं तिनं.

"कधीचा आहे?"

"तुही आई गेली तवाचा. तिच्या तेरवीच्या आधीचा."

"हातात काय आहे बाबाच्या?"

"निगेटिव्ह."

तिनं पुढं नाही विचारलं कोणाचे. खालच्या बाजूले, मांडीवर, भुईवर, पट्ट्याच पट्ट्या पडल्या होत्या. त्या तिनं बोटानं हळूहळू चाचपल्या.

"साऱ्या पाह्यल्या?"

"साऱ्या."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुहा बाप होता तो. त्याले माहं चुकलं म्हणता येत नव्हतं. जन्मापासून येत नव्हतं, मले विचार."

ती रडली असती तं मले बरं वाटलं असतं. ती नाही रडली. फोटो डोळ्याजवळ नेला अन् म्हणे, "बाबाचे डोळे एवढे साफ आहेत, पापण्या मोजून घ्या. पण हातातली पट्टी धुकट आहे. आई तं त्या पट्टीत आहे ना?"

"हाव."

"मंग आत्या, तुमी बी एकालेच साफ काढलं."

ऐकलं का? तुहीच पोरगी आहे, बरोबर दुखते तिथं बोट ठेवते. मी म्हटलं, "बाई, दोघं नाही मावत त्यात. मी जे जिवंत होतं ते धरलं." तिनं मान हलवली. तू असता तं लय हसला असता माह्यावर, अन् वर्षभर ऐकवलं असतं.

जावईबापूनं खिळा कुठं ठोकायचा विचारलं. रंजी म्हणाली, "इथं नाही. माह्या घरी. समोरच्या खोलीत."

"समोरच्या खोलीत? पाहुणे विचारतील, मामा असे काऊन दिसून राह्यले."

"विचारू द्या. मी सांगीन त्याईले."

काय सांगीन ते तिनं सांगतलं नाही, अन् मी विचारलं नाही. पण तिचा आवाज मी ऐकला. तुले इतके वर्ष जो आवाज भेटला नव्हता, तो होता.

जाताना पिशवी भरता भरता माह्याजवळ आली, हळूच म्हणे, "आत्या, मी बाबाले कधी तोंडानं या म्हटलं नाही. पत्रिका पाठवली नुसती. आता कसं म्हणू?"

मी म्हटलं, तू जाय घरी, मी सांगते त्याले. माहं तो ऐकत नव्हता, पण सांगाची सवय मले आहे.

तं एवढ्यासाठी तुले जवळ बसवलं. बाकी सारं बोलणं ओघात आलं, ते तुले नवीन नाही. मधू, रंजीनं तुले रोहिणखेडले बोलावलं आहे. पत्रिकेवर नाही, तोंडानं. आता मानपान मधात आणू नको, गाडी नव्हती म्हणू नको. पोरगी समोरच्या खोलीत बसून राह्यली आहे. लवकर जाऊन ये, अन् वाटेत माह्याकडंबी थोडा टेकून जाय.